सरकी घातलेली गादी

या सदरातले निम्मे अनुभव वाचून मी चिडते. कोणाच्या मामेभावाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या बंद खोलीत पावलं वाजतात, आणि खाली शंभर जण हात जोडून मोकळे. मी स्वतः भूत, रूह, पुनर्जन्म, अंगात येणं यातलं काहीच मानत नाही. मानत नाही म्हणजे मनात ठेवून गप्प बसते असंही नाही. मी याच्याविरुद्ध पत्रकं लिहिते, छापून आणते आणि बाजाराच्या दिवशी चौकात उभी राहून वाटते. रिसोडला आमचा सात-आठ जणांचा गट आहे. पत्रकाच्या शेवटी आम्ही चार प्रश्न छापतो – पाहिलं कोणी? सांगितलं कोणी? किती दिवसांनी सांगितलं? दुसरं काय कारण असू शकतं? या चार प्रश्नांपुढे आजवर एकही बाबा टिकलेला नाही.

आणि तरी आज मी इथं लिहिते आहे. कारण जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि चौथ्या प्रश्नाला मी अडकले ती अजून अडकलेलीच आहे.

जागा – वाशिम जिल्हा, रिसोड तालुका, केनवड. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झालेले, घराघरात कापूस आलेला. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. ऊन असं की चष्म्याची काडी कानाला चटका देत होती. भूत निघायची ही वेळ नव्हे, हे मुद्दाम नोंदवते.

झालं असं... आमच्या कॉलेजच्या मॅडमनी माझा नंबर एका बाईंना दिला. त्यांना इंग्रजी आणि वऱ्हाडी दोन्ही येणारं कोणीतरी तीन दिवस सोबत हवं होतं. त्या सायराआपा. वय पन्नासच्या आसपास, लेस्टरला चष्म्याच्या दुकानात काम. त्यांचे आजोबा युसुफमिया केनवडचे पिंजारी – कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे. तरुणपणी ते मुंबईला गेले, तिथून बोटीनं मोंबासाला, आणि म्हातारपणी मुलाच्या मागं इंग्लंडला. सायराआपांचा जन्म मोंबासाचा, शाळा इंग्लंडची. केनवड त्यांनी नकाशातसुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं. आणि सहा वर्षांपासून त्या केनवडवर इंग्रजीत कादंबरी लिहीत होत्या!

माझं डोकंच फिरलं. आमच्या तालुक्यातली माणसं दरवर्षी पोरंबाळं, भांडीकुंडी ट्रकमध्ये घालून ऊसतोडीला जातात. सहा महिने परमुलखात खोपटात राहतात. त्यांच्या 'आयडेंटिटी'वर कोणी कादंबरी लिहीत नाही. एक माणूस कधीकाळी बोटीत काय बसला, तर त्याच्या नातीला 'मुळं' शोधायची असतात! हे सगळं मी त्यांना एस.टी.त, पहिल्या दहा मिनिटांत, तोंडावर सुनावलं. मला गोड बोलता येत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो तुम काहून गुस्सा हो?"

मला हसू फुटलं. हिंदीत मधेच 'का'साठी आमचं 'काहून'! त्यांच्या घरात आजोबांचे असे दहा-बारा शब्द शिल्लक होते – काहून, बाप्पा, मले, आंबाडी. ते वऱ्हाडी आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटायचं, हे आमच्या दादांचे, म्हणजे आजोबांचे, स्वतःचे शब्द.

मग त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली आणि मी जे बोलले ते लिहून घेतलं. डाव्या पानावर.

"उजवं पान कोरं का?" मी विचारलं.

"बाएँ तरफ जो देखा, जो सुना," त्या म्हणाल्या. "दाएँ तरफ जो मैंने बनाया. मिक्स नहीं करती. मिक्स किया तो झूठ हो जाता है."

"आणि मिक्स न करता बनवलेलं काय असतं? खरं?"

"वो कहानी होती है."

अशा एकूण अकरा वह्या. सहा वर्षं, रोज दुकान बंद करून घरी आल्यावर तासभर. प्रत्येक नोंदीवर तारीख. मी पत्रकं लिहिणारी बाई – एवढी शिस्त मी आमच्या गटातल्या कोणातही पाहिलेली नाही, माझ्यात तर नाहीच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मुद्दाम ऊसतोडीला निघालेल्या ट्रकपाशी नेलं, म्हटलं बघू तर. त्यांनी मोबाईल बाहेरच काढला नाही. एका बाईशेजारी मातीत बसल्या, आणि "सोबत काय काय घेतलं?" एवढंच दोन तास विचारत राहिल्या. पाटा घेतला, वरवंटा नाही घेतला, कारण तिथं दगड मिळतो... असलं सगळं डाव्या पानावर. ती बाई निघताना मलाच म्हणाली, "ह्या बाईले पुना घेऊन ये वो. आमाले असं कोनी इचारत नाई." माझा राग तिथं निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी धरून ठेवला होता, कारण केनवड बाकी होतं.

केनवडला युसुफमियांचे भाचे आहेत, इसाकभाई. साठीतले, दाढी मेंदीनं लाल. गाद्यांचं दुकान, आत पिंजायची मशीन. पिंजणाची कमान आता फक्त भिंतीला टांगलेली. सायराआपा आधी फोनवर त्यांच्याशी बोललेल्या होत्या, त्यामुळं ओळखपाळख, चहा, बिस्किटं, मिठ्या, सगळं झालं. आपा कापसाच्या ढिगाशेजारीच बसल्या. केसांत, भुवयांवर कापूस बसला तरी झटकेनात.

मग त्यांनी जे सांगायला त्या एवढ्या लांबून आल्या होत्या ते सांगितलं. मी मराठीत करत गेले.

कादंबरी एका प्रकाशकानं घेतली होती, शेवटचा हात फिरवून द्यायची होती. पण त्यांनी स्वतःला शब्द दिला होता की, घरातलं जिवंत माणूस एखाद्या प्रकरणाला नाही म्हणालं, तर ते प्रकरण जाईल. बाकी कशाची त्यांना चिंता नव्हती. चिंता चौथ्या प्रकरणाची होती. त्यात पिंजारी मुंबईला निघण्याच्या आदल्या दिवशी त्याची बायको रुकय्या, त्याच्यासोबत जायच्या गादीत मूठभर सरकी, म्हणजे कापसातलं टणक बी, घालून शिवते. का, तर परमुलखात त्याला सुखाची झोप लागू नये. टोचली की घर आठवावं. आणि ही रुकय्या त्यांनी पूर्ण मनानं रचलेली होती. आजोबांची एकच बायको त्यांना माहीत होती – मोंबासाची, त्यांची आजी.

इसाकभाई चहा पिता पिता थांबले. मग असे हसले की बशीतला चहा सांडला.

"सरकी? गादीत? अवो बाई, उंदरं लागतीन ना तिले! सरकी काढ्यासाठीच तर सारी मरमर हाय आमची. कापूस झाडा, पिंजा, पुना झाडा – एक दाना राह्यला तं गिऱ्हाईक गादी आनून तोंडावर मारते."

"कहानी है, चाचा," आपा म्हणाल्या.

"कहानीतला पिंजारी का गधा असते?" इसाकभाईंचं हसू आता ओसरलं होतं. "हे वाचून लोक काय म्हनतीन? का ह्या घरच्या बाईले धंद्याचं काईच समजत नोतं. अन् मामूले पयली बायको कुठून आनली तुमी? मेलेल्या मानसाले दोन बायका चिटकवता! नाई, नाई. हे काढून टाका."

मी लगेच त्यांची बाजू घेतली. खोटं कशाला बोलू? मला बरंच वाटलं. म्हटलं, "आपा, हेच मी एस.टी.त सांगत होते. तिथं बसून इथल्या बाईला तुम्ही जादूटोण्यासारखं काहीतरी करायला लावता. वाचणाऱ्याला वाटेल आमच्याकडं सगळं असंच चालतं. कापा हे."

मला वाटलं त्या भांडतील. 'आर्टिस्टिक फ्रीडम' वगैरे काढतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्या नुसत्या मान हलवून म्हणाल्या, "ये चॅप्टर गया तो किताब नहीं बचेगी. आगे सब इसी पे खड़ा है." मग – "फिर भी निकाल दूँगी. लेकिन घर में सबसे बड़ा कौन है? उनसे पूछ लूँ. वो ना बोले तो बात खत्म."

सहा वर्षांचं काम, आणि ते एका म्हाताऱ्या माणसाच्या 'हो-नाही'वर ठेवून ही बाई शांत बसली होती. मला तिचा रागही आला आणि... आदर वाटला. दोन्ही एकदमच.

सगळ्यात मोठं माणूस म्हणजे इसाकभाईंची आई, हलीमाबी. युसुफमियांची सख्खी धाकटी बहीण. वय पंच्याऐंशीच्या पुढं. दुकानाच्या मागंच दोन खोल्या टिनाच्या, दारात बाज, बाजेवर सुपात तूर निवडत बसलेल्या. त्या दुकानात आलेल्या नव्हत्या. आमचं तिथलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचणं शक्यच नाही, मधे मशीन चालू होती. हे मी नंतर दोनदा तपासलं – एकदा मशीन चालू ठेवून, एकदा बंद करून.

हलीमाबींनी आपांना जवळ ओढून हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं. "नाक तं युसुफचंच हाय. अक्कल कोनाची ते पाहू." मग माझ्याकडं – "अन् हे पोट्टी कोन? हे तं लय कावल्यावानी दिसून राह्यली."

"मी मराठी करून सांगते, आजी."

"कर मंग. बस."

इसाकभाई दारातच उभे होते, हाताची घडी घालून. आपांनी छापील पानं माझ्या हातात दिली. इथं एक गोष्ट ठळक लिहिते – ते प्रकरण मी आधी वाचलेलं नव्हतं. दुकानात आपांनी तोंडी सांगितलं तेवढंच, सरकीपुरतं, मला ठाऊक होतं. मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. पुढं काय आहे ते मलाही वाचल्यावरच कळत होतं.

पहिल्या पानावर घराचं वर्णन. दुसऱ्यावर रुकय्या गादीची एक बाजू उसवते, डाव्या कुशीकडची. हलीमाबी तूर निवडत ऐकत होत्या, मधून 'हं' करत. सरकी आली तेव्हा त्यांचा हात सुपात थांबला. मी इसाकभाईंकडं पाहिलं, ते 'बघा' असं तोंड करून उभे. मी वाचत राहिले – रुकय्या सरकी आत सारते, कापूस वरून दाबते, मग सुवा घेऊन शिवायला लागते. सुवा म्हणजे गादी टाचायची वीतभर लांब सुई. पान संपलं. उलटायला मी बोटाला थुंकी लावली.

"थांब," हलीमाबी म्हणाल्या. "आता सुवा पिठात पडन."

"काय, आजी?"

"सुवा. पिठाच्या टोपल्यात पडन. वाच."

मी पान उलटलं. पहिली ओळ... तिच्या हातातून सुई निसटली आणि शेजारच्या ज्वारीच्या पिठात बुडाली.

ती ओळ मी दोनदा वाचली. खरंच दोनदा, वर्णनासाठी लिहीत नाही. आपा विचारत होत्या, "क्या बोलीं? क्या बोलीं दादी?" आणि मी नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच ना वो," हलीमाबी म्हणाल्या. "का मीच सांगू? सुवा एकच होता घरात, साऱ्या धंद्याचा. चाळनी शेजारनीकडं गेलेली. मंग तिनं डोक्यावरची ओढनी काढली, खाली आथरली, अन् मूठ मूठ पीठ त्याच्यावर टाकून चाचपत बसली. तेवढ्यात माही अम्मा आली. म्हने, भर दुपारी हे काय मांडलं? तं भाबी म्हने, पिठात सोंडे झाले."

मी पान वाचून काढलं – मनातल्या मनात. चाळणी शेजारणीकडं गेलेली होती. ओढणी होती. मूठ मूठ पीठ होतं. सासू होती. आणि सुनेनं सासूला सांगितलेलं – पिठात किडे झालेत.

मी आपांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. त्या बाजेच्या पायाला धरून खाली मातीत बसल्या.

इसाकभाई पुढं आले. "अम्मा, कोन भाबी? तू काय बोलून राह्यली?"

"तुह्या मामूची पयली बायको. जैनब." हलीमाबींनी सूप बाजूला ठेवलं. "शिरपूरची होती. युसुफ गेल्यावर चार वर्सं राह्यली ह्या घरात. मंग तिच्या बापानं नेली. तिथंच वारली. तिचं नाव काढाचं नाई, असं अब्बानं सांगतलं होतं, म्हून कोनी काढलं नाई." मग माझ्या हातातल्या पानांकडं बोट केलं. "अन् एक चुकलं हाय त्याच्यात. सुवा तिच्या हातून नाई पडला. माह्या हातून पडला. मी दहा-अकरा वर्साची होती, तिले सुवा देऊन राह्यली होती. मी काहून नाई त्याच्यात?"

पुस्तकात ती मुलगी नव्हती. रुकय्या एकटीच होती.

मी माझ्या सवयीप्रमाणं लगेच प्रश्न सुरू केले. आजी, हे तुम्ही कोणाला सांगितलं? कधी? कोणासमोर?

"कोनालेच नाई."

"इसाकभाईंना? नवऱ्याला? बहिणीला?"

"नाई म्हटलं ना!" त्या माझ्यावरच खेकसल्या. मग हळू आवाजात – "कोन्या तोंडानं सांगू? भाई गेला तो आलाच नाई. पोस्टानं दोन-तीन खतं आली, मंग तेबी बंद. मले वाटे, आपल्या हातानंच झालं हे. सरकी टोचली असन, त्याले राग आला असन – का मले निघताच असं केलं. गादी फेकून देली असन, अन् तिच्यासंगं आमालेबी. भाबी रडे तवा मी पाहत राहे. बोलली कधीच नाई."

पंचाहत्तर वर्षांच्या आसपासचं ओझं. तूर निवडता निवडता, आपल्या लेकाच्या नकळत, ही बाई ते घेऊन बसली होती.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. आपांकडं पाहून, पण मला. "इचार तिले. तिच्या पुस्तकात तो गादीचं काय करते?"

मला पुढचं पान दिसत होतं. मी वाचलं. पुस्तकात पिंजारी मोंबासाच्या धक्क्यावर उतरायच्या आधी ती गादी उचलून समुद्रात फेकतो. मी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगत आले आहे की खरं बोला, दिलासा देऊन फसवू नका. आणि त्या क्षणी मला वाटलं, काहीतरी दुसरंच सांगून मोकळं व्हावं. म्हातारीला इंग्रजी येत नाही. कोणाला कळणार होतं?

सांगितलं मात्र खरंच. "समुद्रात फेकतो, आजी."

"फेकनारच," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सूप ओढून घेतलं.

आपांनी माझा दंड धरला. "क्या पूछा उन्होंने? क्या बताया तुमने?" मी सांगितलं – सगळं, आजींनी ते पाप डोक्यावर घेतल्याचंही. त्या एकदम उठल्या, पिशवीतून चौथ्या प्रकरणाची जुनी वही काढली, भराभर पानं उलटत एका जागी थांबल्या आणि माझ्यापुढं धरली. उजव्या पानावर – गादी समुद्रात. डाव्या पानावर, त्याच्या अगदी समोर, चार ओळी.

"ये कहानी है," त्यांनी उजव्या पानावर हात ठेवला. आणि डावीकडं, "ये सच है. दादा जिंदगीभर एक ही गादी पे सोए. केनवड से लाए थे, वही. मोंबासा में, लेस्टर में भी. पतली हो गई थी, गठानें पड़ गई थीं. पूरे मोहल्ले की गादियाँ दादा भरते थे, और अपनी नहीं खोलते थे. अब्बा बोले मैं नई भर दूँ, तो चिल्लाए – मेरी गादी को हाथ मत लगाओ. मैंने सोचा, उसमें ऐसा क्या होगा? बस, वहीं से लिखना शुरू किया. मुझे समझ नहीं आया काहून रखी, इसलिए किताब में फिंकवा दी."

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि मला कळलं की मी रडते आहे. "आजी... त्यानं फेकली नाही. मरेपर्यंत त्याच गादीवर झोपला तो. कोणाला उसवू दिली नाही."

हलीमाबींनी सूप पुन्हा खाली ठेवलं. इसाकभाईंनीही हाताची घडी सोडली होती.

"टोचत नसन त्याले?" त्यांनी विचारलं.

"टोचत असेल."

"तरी ठेवली?"

"ठेवली."

"टोचू देली म्हना मंग," त्या म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं, आणि आपांकडं बोट रोखलं. "तिले सांग – ते समुद्राचं काप. सरकीचं राहू दे."

"अम्मा, लोक धंद्याले हसतीन –" इसाकभाई.

"हसू दे! तुह्या बापानं जनमभर चांगल्या गाद्या भरल्या. ठेवली का कोनी एखादी उराशी धरून?"

इसाकभाई जमिनीकडं बघत म्हणाले, "बरं. पन एवढं लिवा बाई, का आता आमच्या दुकानात सरकी राहत नाई."

आपांनी विचारलं, रुकय्याचं नाव जैनब करू का? हलीमाबी नको म्हणाल्या. "तवा तिले कोनी इचारलं नाई, आता तिच्या नावाचा बोभाटा कायले? रुकय्या राहू दे. मले घाल. सुवा देनारी पोरगी म्हून." आपांनी तिथंच, बाजेच्या पायाला टेकून, लिहायला घेतलं. मधून मधून मला विचारत – टोपली कोणत्या बाजूला होती, पोरगी उभी होती की बसलेली. आणि हलीमाबी उत्तरं देत होत्या, "बसली होती. नाई, उखडू, उखडू बसली होती," असं स्वतः पाय दुमडून दाखवत. हे सगळं डाव्या पानावर जात होतं.

आता माझे प्रश्न. कारण तुमच्यातले काही जण एवढ्यात खाली टाईप करायला लागले असतील.

सरकीचं मी सोडवलं. युसुफमियांना गादी पहिल्याच मुक्कामाला टोचली असणार; पिंजाऱ्याला सरकी हाताला लागताच ओळखू येते. ते कधीतरी, कोणासमोर अर्धवट बोलले असतील, नातीच्या कानावर पडलं असेल, ती विसरली असेल. मेंदू असं करतो. पहिल्या बायकोचंही तसंच. माझी तक्रार नाही.

पण सुवा? तो पिठात पडला तेव्हा, हलीमाबींच्या सांगण्याप्रमाणं, युसुफमिया रिसोडच्या बाजाराला गेलेले होते. जैनबनं नंतर त्यांना सांगितलं असेल का? मी हे हलीमाबींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पिठाचं सांगतलं असतं तं सरकीचंबी सांगा लागलं असतं. मंग त्यानं रवानगीच्या आधीच काढून नसती टाकली का?" बरोबर आहे. पत्रातून? जैनबला लिहिता येत नव्हतं, आणि लिहून देणारे होते तिचे सासरे. योगायोग? सुई हरवणं योगायोग, पीठ योगायोग, चाळणी नसणं, ओढणी, सासू, किडे... किती योगायोग एका पानावर मावतात?

मी आपांवर संशयही घेतला. स्पष्ट विचारलं – तुम्ही आधी आजींशी गुपचूप बोललात का? दुसरी कोणी असती तर माझं तोंड पाहिलं नसतं. त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. "ले जाओ. देखो." त्यांनी मुक्काम वाढवला; दोन दिवस वही माझ्याकडं होती. पिठाची नोंद उजव्या पानावर, लेस्टरला लिहिलेली, इसाकभाईंचा नंबर मिळण्याच्या चार वर्षं आधीची. इसाकभाईंचा फोन पाहिला, हलीमाबींकडं फोनच नाही. शाई, पानांची शिवण, सगळं तपासलं. लाज वाटेपर्यंत तपासलं.

गावात ही गोष्ट पसरायला दोन दिवस लागले. एकानं मला चौकात अडवून सांगितलं की जैनबची रूह सायराबाईंच्या अंगात येऊन लिहून गेली. दुसऱ्यानं पुनर्जन्म काढला. मी दोघांनाही तिथंच झापलं, आणि तुम्हालाही आधीच सांगते. एका बाईनं सहा वर्षं, अकरा वह्या, दुकानात दिवसभर उभं राहून आल्यावर, एका न पाहिलेल्या बाईचे हात कसे हलले असतील याचा विचार केला. एवढं निरखून, एवढं इमानानं, की तिनं रचलेलं आणि घडलेलं एकमेकांवर बसलं. आणि याचं श्रेय तुम्ही रूहेला देणार? लिहिणारी बाई जिवंत समोर असताना? मी कोणत्याही बाबाला, मौलवीला, मांत्रिकाला ही गोष्ट वापरू देणार नाही. वापरलेली दिसली तर पत्रक काढीन.

पण मी खोटंही बोलणार नाही. माझं हे जे कौतुक आहे – निरखणं, इमान, मेहनत – ते स्पष्टीकरण नाही, हे मला कळतं. नुसत्या मेहनतीनं कोणाला पिठातला सुवा सापडत नाही. आमच्या गटात मी हे मांडलं तेव्हा सगळे माझ्याकडं असे बघत होते जसे आम्ही अंगात आलेल्या बायकांकडं बघतो. मी कोणाला दोष देत नाही.

सुवा पिठात कसा पडला, ते मला माहीत आहे. दहा वर्षांच्या हलीमाच्या हातून पडला. पुस्तकात कसा आला, ते मला माहीत नाही.